रांजणाची रिकामी जागा

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर शेवट जरा बरा केला असता.

ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा धाकटा मामा. आजही आहे. यातलं थोडं मी स्वतः पाहिलंय, बाकीचं त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि माझा मामा थापा मारणारा माणूस नाही. तुम्हाला पटलं तर ठीक, नाही पटलं तर सोडून द्या. मला कुणाशी वाद घालायचा नाही.

वार गुरुवार. वेळ दुपारी चारची.

अंधार नव्हता, वारा नव्हता, कुत्री रडत नव्हती. लख्ख ऊन होतं.

जागा म्हणजे गावाबाहेरचं ते टेकाड, जिथे मामा खोदकामावर होता.

खोदकाम म्हणजे विहिरीचं नव्हे. हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्या उकरून काढतात ना, ते. त्यातला एक खड्डा मामाच्या ताब्यात होता. "माझा खड्डा, माझा खड्डा" असं तो इतक्या कौतुकाने करायचा की मामी म्हणायची, लोकांचे नवरे बंगले बांधतात आणि आमचं सगळं खड्ड्यात चाललंय.

त्या टेकाडाच्या पोटात सहा हजार वर्षांपूर्वीचं गाव होतं. अक्षर अजून जन्माला यायचं होतं. राजा नाही, शहर नाही, बाजार नाही. माणसाने नुकतंच भटकणं सोडलेलं. एका जागी बसून धान्य पेरायचं, मातीच्या भिंती घालायच्या, भांडी भाजायची, एवढंच काय ते नव्याने शिकलेली माणसं. चाळीसेक घरं असतील.

आणि त्या माणसांची एक रीत होती.

लहान मूल गेलं तर त्याला लांब न्यायचे नाहीत. घरातच, जमिनीखाली, रांजणात निजवायचे. गुडघे छातीशी, डावी कूस. वरून माती लोटायची आणि जमीन सारवून टाकायची. मग त्याच जमिनीवर बाकीच्यांनी जेवायचं, झोपायचं. मूल घरातच राहायचं.

मामाच्या खड्ड्यात असाच एक रांजण लागला. आत पाचेक वर्षांचं मूल.

यात नवल काही नव्हतं, तसे सात-आठ रांजण टेकाडावर आधीच निघाले होते. नवल होतं ते वरच्या सारवणाचं. मामाने थापीच्या टोकाने थर मोजले. बाकीचं घर पाच वेळा सारवलेलं. रांजणावरचा तेवढाच हातभर तुकडा... बावीस वेळा.

मामा चक्रावला. त्याने पुन्हा मोजले. बावीसच.

खोदकामाच्या मोठ्या सरांनी येऊन पाहिलं आणि सांगितलं की घर पडलंय, छप्पर जळून खाली आलंय, लोक गाव सोडून गेलेत. सगळीकडे राखेचा थर आहे. फक्त त्या तुकड्यावर राख नाही. म्हणजे गाव उठून गेल्यावरही कुणीतरी एकटंच तिथे येत होतं, राख बाजूला सारत होतं आणि तेवढी जागा सारवत होतं. वर्षानुवर्षं.

कोण ते विचारायची गरज नव्हती. सारवणात बोटं उमटलेली होती. बारीक, बाईची.

रांजण अख्खाच्या अख्खा उचलून पेटीत घातला आणि तपासणीला मोठ्या शहरात पाठवला. मागे उरला तो फक्त त्याच्या आकाराचा खळगा.

ही झाली सोमवारची गोष्ट. आता गुरुवार.

हंगाम संपला होता. खड्डे बुजवायचे होते. उघडे ठेवले तर पावसाने भिंती ढासळतात, म्हणून काम झालं की काढलेली माती परत आत लोटतात. पण त्याआधी या लोकांचा एक नेम असतो. खड्ड्याच्या तळाशी चालू सालाचं एक नाणं ठेवायचं. पुढे शंभर वर्षांनी कुणी तिथे खोदलं तर नाणं सापडेल आणि त्याला कळेल की इथपर्यंत आपल्याआधी कुणीतरी येऊन गेलंय. साधी खूण, बाकी काही नाही.

त्या दिवशी मामीला शाळेत पेपर तपासायचे होते, म्हणून मामाने पोरीला बरोबर आणलं होतं. साडेचार वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी दोन मिनिटं बसली तर घरात लोक कपाळाला हात लावून ताप बघायचे. पायात ते चालताना चूं चूं वाजणारे बूट. अख्ख्या टेकाडावर तिचा आवाज.

मजूर घमेली घेऊन तयार उभे होते. मामाने खिसे चाचपले. नाणं नाही. सकाळी पँट बदलली होती.

मजुरांपैकी कुणाकडेही मागता आलं असतं. पण मामाला गंमत सुचली. भिंगरीच्या केसात पिवळ्या बदकाची प्लास्टिकची क्लिप होती. त्याला वाटलं, प्लास्टिक म्हणजे आपल्या काळाची खूणच की, याहून चांगलं काय हवं. तो तिला म्हणाला की तुझी क्लिप दे, आपण खाली ठेवू.

"कुणाला?" तिने विचारलं.

"खालच्या बाळाला."

तिने थोडा विचार केला. मग स्वतःच्या हाताने क्लिप काढली. चार-पाच लांब केसही बरोबर आले. मामाने ती तशीच, केसांसकट, त्या रिकाम्या खळग्यात ठेवली.

वरून माती पडली.

एवढंच झालं. आणि हेच मामा आता दिवसातून शंभर वेळा आठवतो.

शनिवारी दुपारी पहिल्यांदा...

मामाचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं. खाली पांढऱ्या फरश्या. मामी आत भांडी लावत होती, मामा बाहेरच्या खोलीत कागद चाळत बसला होता. भिंगरी फरशीवर चित्र काढत होती.

सप्...

ओल्या चिखलावर तळवा पडावा तसा आवाज. थोडा वेळ गेला.

सप्... सर्रर्र...

मामाने आधी नळ बघितला. मग शेजारी डोकावला. शेजारी कुलूप होतं. परत आला तर आवाज बंद आणि खोलीत ओल्या मातीचा वास. भिंगरी चित्र टाकून फरशीवरच झोपली होती. गुडघे छातीशी. डाव्या कुशीवर.

पोरं कशीही झोपतात, असं मामाने मनाशी म्हटलं. तिला उचलून गादीवर ठेवलं. पाणी पिऊन येतो तोवर ती पुन्हा फरशीवर, त्याच जागी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मग भिंगरी बोलायची कमी झाली. चित्रं थांबली. सारखी कशाकडे तरी कान लावून असायची. मामी तिला न्हाऊ घालायला बसली तर केसांत माती निघाली. बारीक, पिवळसर, ओली. मामी मामावर करवादली, म्हणाली तुमच्या टेकाडावरची घाण घरात आणता. मामा आठ दिवसांत टेकाडाकडे फिरकलाही नव्हता.

याच सुमाराला मी तिथे पोचलो. सुट्टी होती, आईने मामाकडे पाठवलं होतं. मला वाटलं होतं, दारात पाऊल टाकताच भिंगरी अंगावर झेपावेल.

ती समोर उभी होती. हसली. चालत माझ्याकडे आली.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळायला मला जरा वेळ लागला...

बूट वाजत नव्हते.

तेच बूट. मी म्हटलं बिघडले असतील. एक काढून हाताने दाबला, तर मोठ्याने चूं झालं. तिच्या पायात घातला आणि तिला चालायला लावलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती चालली, पाय नीट टेकत चालली. पण आवाज नाही, जरासुद्धा नाही.

मी मामाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला हे आधीच कळलेलं होतं, त्याने फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर झाले. रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले, सगळं ठणठणीत. पण काट्यावर उभं केलं की वजन दर वेळी कमी. सोळा किलोची पोरगी बारावर आली होती आणि दिसायला तशीच्या तशी, गालसुद्धा उतरले नव्हते. डॉक्टरने काटा बदलून पाहिला. मग त्याने मान खाली घालून गोळ्या लिहून दिल्या. बिचारा दुसरं काय करणार.

त्या रात्री मामीचा बांध फुटला. उशीत तोंड खुपसून रडत होती, म्हणजे पोरीला ऐकू जाऊ नये. मला पलीकडे सगळं ऐकू येत होतं.

सकाळी मामा मला घेऊन मुकादमाकडे गेला. हा म्हातारा तीस वर्षं खोदकामावर मजूर सांभाळत होता. कडक माणूस, कुणाचं ऐकून घ्यायचा नाही, भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्या पोरांना कामावरून हाकलून द्यायचा. मामाने त्याला पहिल्यापासून सांगितलं. म्हातारा ऐकत होता. क्लिपपाशी आल्यावर त्याने हातातला चहा खाली ठेवला.

"साहेब, नाणं का ठेवतात माहीत आहे?"

मामा म्हणाला, साल कळावं म्हणून.

"ते तुमच्या पुस्तकात. नाणं कुणाचंच नसतं, म्हणून ठेवतात. आज माझ्याकडे, उद्या तुमच्याकडे. तिथे कुणाची म्हणून वस्तू ठेवायची नसते. तुम्ही तिचं लेकरू नेलंत आणि स्वतःच्या लेकराचे केस ठेवलेत. तिने काय समजायचं?"

मामाने डोकं धरलं. रडला नाही. नुसता डोकं धरून बसला.

मोठ्या सरांना फोन लावला. परवानगी मिळाली नाही. बंद केलेला खड्डा असा उघडता येत नाही, म्हणाले. रांजण परत मिळेल का, हे मामाने विचारल्यावर ते हसले. त्यांचाही दोष नाही, त्यांना काय माहीत.

मग रविवारी सकाळी मामा, मुकादम आणि मी असे तिघेच परवानगीशिवाय गेलो. दहाचं ऊन होतं. मामी घरी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मामाने तिला आदल्या दिवशी सगळं सांगून टाकलं होतं.

लोटलेली माती भुसभुशीत असते, फावड्याला हलकी लागते. दोन तासांत आम्ही गळ्याइतके आत गेलो. तळ आला. आता खळगा दिसायला हवा होता. सुटी माती, आणि तिच्यात पिवळी क्लिप.

खळगा नव्हता.

तिथे सारवलेली जमीन होती. गुळगुळीत, घट्ट. मामाने बोट लावलं...

ओली होती.

वरची सगळी माती कोरडी ठणठणीत. आम्हीच ती काढली होती, गळ्याइतक्या उंचीची. आणि तिच्याखाली ताजं सारवण. हाताचे फराटे अर्धगोल, एकात एक. बोटं बारीक.

मुकादम दोन पावलं मागे सरकला. मामा मात्र गुडघ्यांवर बसला, खिशातून थापी काढली आणि तिची कड त्या सारवणात घातली. एकदाच ओढली.

फोन वाजला.

मामी होती. फोनमधून आधी मामीचा नाही, भिंगरीचा आवाज आला. आठवडाभर पोरीने तोंड उघडलं नव्हतं आणि आता ती गुरासारखी ओरडत होती. मामी सांगत होती की ती पाठ धरून लोळतेय, म्हणते कुणीतरी खरवडतंय.

मामाचा हात थांबला.

किंकाळी थांबली.

तो तसाच बसून राहिला. फोन कानाशी, थापी हातात. घामाचे थेंब त्या ओल्या सारवणावर पडत होते. मग त्याने दुसऱ्या बाजूने, अगदी हलक्या हाताने, नखाएवढी कड उचलून पाहिली.

फोनमध्ये पुन्हा तीच किंकाळी. आणि मामीचं ओरडणं, काय करताय, थांबा, रक्त येतंय.

मुकादमाने मामाच्या खांद्यावर हात ठेवला. एवढा खडूस माणूस, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"उठा साहेब. आता उकरलं तर त्रास तुमच्याच पोरीला."

माती आम्ही परत लोटली. मामा हातांनीच लोटत होता.

घरी गेलो. भिंगरी मामीच्या मांडीवर शांत पडली होती. पाठीवर दोन ओरखडे. सरळ, रुंद, सपाट पात्याचे. एक वीतभर लांब, एक नखाएवढा.

पुढचे तीन आठवडे मी काय सांगू. घर बदललं. मामा-मामी पोरीला घेऊन मामीच्या भावाकडे गेले, शंभर मैल लांब. तिथेही दुपारी चारला फरशीवर तेच. सप्... सर्रर्र... मोठमोठ्या डॉक्टरांकडे नेलं. कुणी काही सांगितलं ते सगळं केलं, ज्यावर मामाचा काडीचा विश्वास नव्हता तेही केलं. मोठ्या शहरातल्या त्या तपासणीच्या कार्यालयात जाऊन त्याने रांजणासाठी हात जोडले, तर पहारेकऱ्याने त्याला बाहेर काढलं.

वजन सात किलो. मग पाच.

मामा आणि मामी पाळीपाळीने तिला धरून बसायचे. हात सोडायचा नाही, एवढंच ठरलं होतं. रात्रंदिवस. पण एक गोष्ट मामाच्या लक्षात आली होती आणि ती त्याने मामीला सांगितली नव्हती. तिला घट्ट धरलं की पाठीवरचे ओरखडे ओले व्हायचे. धरावं तितकं तिला दुखायचं. ती तक्रार करायची नाही, नुसते ओठ दाबून घ्यायची.

शेवटच्या दिवशी मामी थकून भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली होती. मामाची पाळी. दुपार. आवाज सुरू झाला, नेहमीपेक्षा जवळ. पोरीच्या उशाशीच म्हणा ना.

भिंगरीने डोळे उघडले. कित्येक दिवसांनी नीट, स्वच्छ आवाजात बोलली.

"बाबा, हात सोड ना."

मामा म्हणाला, नाही सोडणार.

"ती थांबलीये माझ्यासाठी. दुखतंय रे बाबा."

चादरीवर रक्त उतरलं होतं. मामाने ते पाहिलं. मामीकडे पाहिलं, ती गाढ झोपली होती. आवाज थांबला होता. कुणीतरी वाट बघत असावं, इतकी शांतता होती.

आणि मामाने हात सोडला.

भिंगरी डाव्या कुशीवर वळली. गुडघे छातीशी घेतले. समाधानाने एक श्वास सोडला. पुढचा घेतला नाही.

सगळ्यांना वाटतं मामाचा डोळा लागला आणि हात सुटला. मामीलाही तेच वाटतं. ती त्याच्याशी बोलत नाही, भावाकडेच राहते. तिला खरं सांग म्हणून मी मामाला विनवलं. तो म्हणतो, झोपलो होतो या गुन्ह्याची तिने मला शिक्षा दिलीये, ती भोगू दे. खरं कळलं तर ती जगणार नाही.

त्याने नोकरी सोडली. दोन खोल्यांत एकटा असतो. मी महिन्यातून एकदा जातो. आम्ही बसतो, चहा घेतो, इकडचं तिकडचं बोलतो. हे काय होतं, का झालं, यावर आम्ही बोलत नाही. मला त्याचा उलगडा झालेला नाही आणि आता मला तो नकोही आहे. चार वाजायच्या आत मी निघतो, एवढं खरं.

गेल्या खेपेला मी चपला घालत होतो. मामा दारात आला. माझा दंड धरून त्याने, लहान मूल विचारतं तसं विचारलं,

"ती बाई तिला नीट सांभाळत असेल ना रे?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.